घरात पेशंट असताना कचरा कुठे टाकायचा, आणि सगळंच पिवळ्या पिशवीत का टाकू नये

तुमच्या प्रश्नात खरंतर दोन प्रश्न आहेत. एक घरचा, की साथीत वडील आजारी पडलेत, वेगळ्या खोलीत आहेत, त्यांचे मास्क, टिश्यू, डायपर, टेस्ट किट, इन्सुलिनच्या सुया असं सगळं साठत चाललंय आणि कशाचं काय करायचं कळत नाही. दुसरा तुमच्या मिसेस काम करतात त्या छोट्या दवाखान्यातला, तिथे सांगितलंय की साथ आहे तोवर वेगवेगळं करत बसू नका, सगळा कचरा पिवळ्या पिशवीत, म्हणजे संसर्गाच्या कचऱ्यासाठी असते त्या पिशवीत, टाका म्हणजे रिस्क नको. आणि तुम्ही विचारताय की हे जास्त सेफ नाही का. नाही, कमी सेफ आहे. का ते सांगते, जरा लांबेल.

मी बावीस वर्षं हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोलचं काम करतेय आणि त्यातला बराच वेळ कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहण्यात गेलाय. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, ती आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पिशवीत काय आहे हे फक्त टाकणाऱ्याला माहीत असतं. एकदा गाठ मारली की ती पिशवी ज्या ज्या हातात जाते, वॉर्डातून खाली नेणारा, गाडीत चढवणारा, प्लँटवर उतरवून घेणारा, घरच्या कचऱ्याचं म्हणाल तर त्यातून प्लास्टिक वेचणारी माणसं, त्यांच्यापैकी कुणालाच आत काय आहे ते दिसत नाही, आणि त्यांनी उघडून बघावं अशी अपेक्षाही करता येत नाही, उघडूच नये. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही वस्तू हातातून सोडता तेव्हाच काय ते ठरतं, नंतर कितीही पैसे खर्च करा, कितीही चांगली मशीन आणा, ते परत सुधारता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. साथीच्या खूप आधी, एका हॉस्पिटलमध्ये मी नवीन असताना, साध्या कागद-पाकिटांच्या पिशवीत कुणीतरी सुई टाकली होती. घाईत टाकली असणार, मुद्दाम कोण टाकतं. आमच्याकडे कचरा उचलणाऱ्या मावशी होत्या, त्यांनी पिशवी नेहमीसारखी मांडीला लावून उचलली आणि सुई सरळ मांडीत गेली. कुणाची सुई, कुठल्या पेशंटची, कशाचंच काही कळेना, म्हणून सगळ्या टेस्ट, औषधं, आणि सहा महिने दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला. रिपोर्ट सगळे निगेटिव्ह आले. पण ते सहा महिने त्यांना कुणी परत देणार नव्हतं. पिवळ्या पिशवीत टाकली असती तरी सुई टोचलीच असती हे लक्षात घ्या, पिशवीचा रंग कुठलाही असो सुई आरपार जाते. सुई पिशवीत जायलाच नको होती, कडक डब्यात जायला हवी होती. "सगळं पिवळ्यात टाका" म्हटलं की पहिल्यांदा मोडते ती हीच सवय, कारण माणूस विचार करणंच थांबवतो.

आता धोका नक्की कशाचा आणि किती, कारण साथीत सगळ्यांचं लक्ष फक्त त्या एका व्हायरसवर असतं. कोविडच्या वेळी २०२० च्या मार्चमध्ये एका अमेरिकी मेडिकल जर्नलमध्ये लॅबमधला प्रयोग छापून आला होता, त्यात हा व्हायरस प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांत संपला, तांब्यावर ४ तासांत. लोकांनी फक्त ७२ हा आकडा धरला आणि घाबरले. पण त्याच प्रयोगात असं होतं की प्लास्टिकवरचा जिवंत व्हायरस साधारण दर सात तासांनी निम्मा होतो, म्हणजे ७२ तासांनी जे उरतं ते सुरुवातीच्या मानाने अगदी नगण्य. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, स्पष्ट लिहिलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारात एकापेक्षा कमी आहे. याच्या शेजारी सुईचा आकडा ठेवून बघा. संसर्ग असलेल्या पेशंटची वापरलेली सुई एकदा टोचली तर हेपटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत, हेपटायटिस सी १.८ टक्के, एचआयव्ही ०.३ टक्के, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसाला तुमच्या वडिलांच्या मास्कपेक्षा त्यांच्या इन्सुलिनच्या सुईचं आणि फुटलेल्या काचेचं भय कितीतरी जास्त आहे, आणि साथ असो नसो ते तसंच राहतं. हवेतून पसरणाऱ्या साथीबद्दल बोलतेय मी. इबोलासारखं काही असेल, जिथे रक्त आणि उलटी-जुलाब यातूनच रोग जातो, तिथे हिशोब पूर्ण वेगळा, ते पुढे सांगते.

तर आधी घरचं. वडिलांच्या खोलीत एक झाकणाचा डबा ठेवा, पायाने उघडणारा असेल तर उत्तम, त्यात पिशवी लावा. मास्क, टिश्यू, थुंकीचा कापूस, वापरलेले ग्लोव्हज, स्वॅब, टेस्टची नळी, नाकात लावायची ऑक्सिजनची नळी बदलली तर ती, सगळं थेट त्यात. थेट म्हणजे थेट, आधी टेबलावर मग डब्यात असं नाही. पिशवी काठोकाठ भरायची नाही, दोन-तृतीयांश भरली की बास. आणि एक चूक मी जवळपास प्रत्येक घरात बघितलीये, पिशवी बांधायच्या आधी ती दाबून आतली हवा काढतात म्हणजे जागा कमी लागेल, ती हवा सरळ तोंडावर येते, असं करू नका. वरचा भाग पिळून घ्या, दुमडा आणि गाठ मारा. वडिलांना जमत असेल तर आतली पिशवी त्यांनीच बांधायची, मग तुम्ही दाराशी दुसरी पिशवी उघडी धरायची आणि त्यांनी त्यात सोडायची, म्हणजे बाहेरच्या पिशवीला आतल्या खोलीतला हात लागत नाही. बाहेरची पिशवी तुम्ही बांधा आणि हात साबणाने धुवा, चांगले ४०-६० सेकंद.

मग त्या पिशवीवर मार्करने तारीख आणि वेळ लिहा. याचं कारण सांगते. कोविडमध्ये बऱ्याच ठिकाणी सांगितलं गेलं की घरातल्या पेशंटची अशी दुहेरी पिशवी ७२ तास बाजूला ठेवा आणि मग नेहमीच्या कचऱ्यात द्या, ब्रिटनमध्ये हाच नियम होता. तुमच्याकडे पेशंटचा कचरा वेगळा उचलणारी व्यवस्था असेल तर ठेवायची गरज नाही, त्यांनाच द्या. नसेल तर ७२ तास थांबणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, कारण व्हायरस जिवंत पेशीच्या बाहेर वाढू शकत नाही, तो फक्त मरत जातो. तारीख लिहिली नाही तर तिसऱ्या दिवशी तुमच्याच दारामागे चार सारख्या दिसणाऱ्या पिशव्या असतील आणि कुठली आधीची ते कुणालाच सांगता येणार नाही, आमच्या स्वतःच्या घरी हेच झालं होतं. पिशव्या ठेवायची जागा अशी हवी की लहान मुलं, कुत्री, मांजरं, उंदीर पोचणार नाहीत. फाटलेली पिशवी म्हणजे केलेली सगळी मेहनत वाया.

इथे एक शंका येईल, की हॉस्पिटलमध्ये तर उलटं सांगतात, उन्हाळ्यात २४ तासांपेक्षा आणि थंडीत ४८ तासांपेक्षा जास्त कचरा साठवू नका. गरम हवामानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा तोच सल्ला आहे. दोन्ही बरोबर आहे. हॉस्पिटलच्या कचऱ्यात रक्त, शरीरातून काढलेले तुकडे, ओल्या ड्रेसिंग असतात, त्यात बॅक्टेरिया वाढतात, कुजतं, वास आणि माशा येतात. घरचा मास्क-टिश्यूचा कचरा बऱ्यापैकी कोरडा, त्यात वाढायला काही नाही. म्हणून ओला कचरा या ७२ तासांच्या पिशवीत भरू नका. स्वयंपाकघरातला ओला कचरा आधी जसा वेगळा द्यायचात तसाच देत राहा, त्याचा या आजाराशी संबंध नाही. वडिलांच्या ताटात उरलेलं असेल ते थोडंसंच असतं, ते हाताने न चिवडता टिश्यूत गुंडाळून त्यांच्या डब्यात टाका आणि ताट नेहमीसारखं साबणाने घासा. डिस्पोजेबल ताट-वाट्या आणू नका हो, साबणाने हा व्हायरस मरतो आणि रोज तीन ताटांचा ढीग उगाच.

डायपरचं वेगळं आहे. शी शक्य तितकी आधी टॉयलेटमध्ये टाका, झाकण लावून फ्लश करा, मग डायपर आतल्या बाजूने गुंडाळून स्वतःच्या छोट्या पिशवीत बांधा आणि मग डब्यात. याला ७२ तास ठेवणं उन्हाळ्यात त्रासाचं होतं ते मला माहितीये, तिसरी पिशवी चढवा आणि सावलीत ठेवा.

घरातले बाकीचे, जे आजारी नाहीत, त्यांचे मास्क नेहमीच्या सुक्या कचऱ्यात चालतात, फक्त कानाच्या दोऱ्या कापून टाका म्हणजे पक्ष्यांच्या पायात अडकत नाहीत आणि कुणी उचलून परत वापरत नाही. वडिलांचा मास्क मात्र कापत बसू नका, जितका कमी हाताळाल तितकं चांगलं. रिसायकलिंगच्या डब्यात यातलं काहीही नको, कारण रिसायकलिंगचं सॉर्टिंग अजूनही बहुतेक ठिकाणी माणसाच्या हातानेच होतं.

आता सुया, माझ्या दृष्टीने तुमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. डिटर्जंटची किंवा तसल्याच जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, ती सुईने भोसकते, काचेची नको, ती फुटते. साधी सिरिंज असेल तर सुईला परत टोपी लावायची नाही, टोपी लावतानाच सगळ्यात जास्त टोचतं, सुईसकट सिरिंज तशीच बाटलीत सोडायची. इन्सुलिन पेन असेल तर सुई काढायला बाहेरची मोठी टोपी लागते, ती टेबलावर उभी ठेवून एका हाताने पेन त्यात घाला आणि फिरवून काढा, दुसरा हात लांब. शुगर तपासायच्या लॅन्सेटसुद्धा याच बाटलीत, त्या लोक विसरतात. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट करून चिकटपट्टी लावा आणि मोठ्या अक्षरात लिहा: सुया आहेत, उघडू नका. ही बाटली मास्कच्या पिशवीत घालायची नाही, तुमच्या मिसेसच्या दवाखान्यात किंवा सुया घेणाऱ्या केंद्रात हातात नेऊन द्यायची. भरायला दोन-तीन महिने लागतील, लागू देत.

टेस्ट किटबद्दल, नळीतलं द्रव थोडंसंच असतं पण काही किटमध्ये त्यात सोडियम अझाइड हे विषारी रसायन असतं, ते पोटात किंवा डोळ्यात जाऊ नये, म्हणून नळी टोपी लावून बंद करा आणि मुलांपासून लांब ठेवा. कागदी खोकं, माहितीपत्रक, न वापरलेलं प्लास्टिक हे साधा सुका कचरा. औषधं उरली तर बेसिनमध्ये ओतू नका, विशेषतः अँटिबायोटिक्स, परत घेणारं मेडिकल असेल तर तिथे द्या. आणि ताप बघायला जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला असेल तर जपून, फुटला तर झाडूने किंवा व्हॅक्यूमने पसरवू नका, खिडक्या उघडा, ग्लोव्हज घाला, कडक कागदाने गोळे एकत्र करा, झाकणाच्या बाटलीत बंद करा. त्यापेक्षा डिजिटल घ्या.

एक करू नका, कितीही वाटलं तरी, ते म्हणजे मागच्या अंगणात जाळणं. भीतीपोटी पुष्कळ लोकांनी केलं. मास्क, ग्लोव्हज, डायपर हे सगळं प्लास्टिक, उघड्यावर जळताना तापमान कमी आणि धूर तुमच्याच खिडकीत, आणि आत फुफ्फुसाचा पेशंट.

अजून एक, कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पुष्कळ घरांत पेशंटचा कचरा लपवला जातो. शेजाऱ्यांना कळेल, लोक लांब राहतील, कचरा नेणारा येणं बंद करेल, म्हणून दुहेरी पिशवी, तारीख, खूण काही नाही, साध्या कचऱ्यात खालच्या बाजूला सारून दिला. मला त्या लोकांचा राग येत नाही, भीती खरी असते आणि लोकांनी वाईट वागवल्याची उदाहरणंही खरी आहेत. पण लपवलेली पिशवी ज्याच्या हातात जाते त्याला सावध व्हायची संधीच मिळत नाही. तुम्ही कचरा नेणाऱ्या माणसाला स्वतः, लांबून, मास्क घालून सांगा की आमच्याकडे पेशंट आहे, या पिशव्या तीन दिवस ठेवलेल्या आहेत, दोन पिशव्यांत आहेत, यात सुई किंवा काच नाही. एवढं एक वाक्य. माझा अनुभव असा आहे की ज्याला खरं सांगितलं तो बहुतेक वेळा नेतो, ज्याला नंतर कळलं तो पुन्हा येत नाही.

आता दवाखाना. सगळं पिवळ्यात का नको याचं दुसरं कारण पुढच्या टोकाला आहे, जिथे तो कचरा नष्ट होतो. दवाखान्यातल्या एकूण कचऱ्यात साधारण ८५ टक्के भाग साध्या घरगुती कचऱ्यासारखाच असतो, फक्त १५ टक्के धोक्याचा, संसर्गाचा किंवा केमिकलचा. सगळं एकत्र केलंत की त्या १५ चे १०० झाले. पिवळी पिशवी बहुतेक ठिकाणी जाळायला जाते, आणि चांगल्या इन्सिनरेटरला, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीला, दोन चेंबर असतात, पहिल्यात ८५० अंशांच्या आसपास आणि दुसऱ्यात धूर पुन्हा ११०० अंशांच्या आसपास जाळला जातो, तेव्हा कुठे डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तुटतात. त्यात तुम्ही पाण्याने भरलेल्या बाटल्या, उरलेलं जेवण, ओला कचरा घातलात की तापमान खाली येतं. पीव्हीसीचं प्लास्टिक घातलंत की त्यातला क्लोरीन डायॉक्सिन बनायला मदत करतो. म्हणजे सेफ्टीच्या नावाखाली भट्टी मंद आणि धूर विषारी. आणि भट्टीची रोजची क्षमता ठरलेली, ती ओलांडली की पिशव्या बाहेर साठतात, उन्हात, उघड्यावर.

वुहानमध्ये हेच झालं होतं. साथीच्या आधी शहराचा मेडिकल कचरा रोज ४०-५० टनांच्या घरात होता, २०२० मध्ये ऐन भरात तो दिवसाला २४० टनांच्या आसपास गेला, नवीन प्लँट आणि फिरती युनिटं घाईघाईने उभी करावी लागली. सगळ्या शहरांना ते जमणारं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये रिपोर्ट काढला त्यातले आकडे मी आमच्या ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगते: मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात फक्त संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत देशांना पोचवलेली पीपीई, म्हणजे ग्लोव्हज, मास्क, गाऊन अशी संरक्षक साधनं, सुमारे ८७ हजार टन, १४ कोटींवर टेस्ट किट ज्यातून २,६०० टन प्लास्टिकसारखा बिनसंसर्गाचा कचरा आणि ७ लाख ३१ हजार लिटर केमिकल कचरा, आणि लसीचे ८०० कोटींवर डोस म्हणजे सुया, सिरिंज, डबे मिळून १ लाख ४४ हजार टन. त्याच रिपोर्टमध्ये आहे की जगातली ३० टक्के आरोग्य केंद्रं साथीच्या आधीचाच कचरा धड हाताळू शकत नव्हती. अशा वेळी पिवळ्या पिशवीतली प्रत्येक फालतू वस्तू ही खरोखर धोक्याच्या वस्तूची जागा खाते, मी याच शब्दांत सांगते.

तर मिसेसना सांगा, एक दिवस डब्यापाशी उभं राहून फक्त बघा की पिवळ्या पिशवीत जातं काय. पिशवी उघडून नव्हे, टाकताना बघायचं. आम्ही हे केलं तेव्हा डोळे उघडले, पीपीई किटची बाहेरची प्लास्टिकची पाकिटं, सलाईनच्या बाटल्यांची खोकी, पाण्याच्या बाटल्या, नातेवाइकांनी आणलेले डबे, वर्तमानपत्रं. यातली बरीचशी पेशंटजवळ पोचायच्या आधीच काढून ठेवता येतात. आम्ही काय केलं की किट घालायच्या खोलीत फक्त साध्या कचऱ्याचा डबा ठेवला, कारण तिथे सगळं कोरंच असतं, आणि किट उतरवायच्या खोलीत फक्त संसर्गाचा डबा ठेवला, साधा ठेवलाच नाही. म्हणजे थकलेल्या माणसाला बारा तासांनी विचार करायला लागू नये, जागाच ठरवते. सुयांचा डबा ट्रॉलीवरच, हात लांब न करता पोचेल असा, तीन-चतुर्थांश भरला की बंद. भिंतीवर अक्षरांचे बोर्ड लावून उपयोग नाही, वस्तूचं चित्र लावा. रंग देशोदेशी वेगळे असतात, तुमच्याकडे जे ठरलेत तेच ठेवा, साथीत नवीन रंग आणू नका, लोक गोंधळतात. आणि पिशव्यांचं वजन रोज वहीत लिहा, एका आठवड्यात कळतं की कुठल्या खोलीत काहीतरी चुकतंय.

ग्लोव्हजचंही बघा. फाइल लिहायला ग्लोव्हज, फोन उचलायला ग्लोव्हज, एकावर एक दोन जोड, याने संसर्ग कमी होत नाही, उलट हात धुणं बंद होतं. आमच्याकडे कचरा सगळ्यात पटकन कमी झाला तो इथे.

ब्लीचबद्दल प्रचंड गैरसमज आहेत. पिशव्यांवर फवारणं, बंद पिशवीत ओतणं, माणसांवर फवारणं यातलं काहीही करू नका. माणसांवर फवारू नये हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं. जाळायला जाणाऱ्या पिशवीत ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट, ओतलं तर तुम्ही भट्टीत स्वतःहून क्लोरीन घालताय. ब्लीच लागतं ते रक्त सांडलं तर, आधी कागदाने टिपून घ्यायचं मग ०.५ टक्क्यांचं द्रावण. बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. रोज ताजं करा, ठेवलं की त्याची ताकद जाते. ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लिनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

जवळ ऑटोक्लेव्हची सोय असेल तर जाळण्यापेक्षा ते मला कधीही पसंत आहे. दाबाखाली १२१ अंशांची वाफ, धूर नाही. पण तिथेही एक मेख आहे, गच्च भरलेल्या पिशवीच्या गाभ्यात वाफ पोचायला वेळ लागतो, बाहेर १२१ दाखवतं आणि आत मध्यभागी बरंच कमी असतं. म्हणून जिओबॅसिलस नावाच्या बॅक्टेरियाच्या, सहज न मरणाऱ्या, स्पोअरची (कडक कवचातल्या बीजाणूंची) पट्टी लोडच्या मध्यभागी ठेवून तपासतात, ते स्पोअर मेले तर बाकी सगळं मेलं. कॅन्सरच्या केमोची औषधं, पारा, केमिकल यातलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही.

इबोलाचं म्हटलं होतं. २०१४ मध्ये अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये इबोलाचे पेशंट आणले तेव्हा कचरा नेणाऱ्या कंत्राटदाराने तो न्यायला नकारच दिला, आणि कचरा दिवसाला ४० पिशव्यांपर्यंत. शेवटी हॉस्पिटलने मोठे झाकणाचे डबे आणून भरले आणि सगळं आधी स्वतःच्या ऑटोक्लेव्हमधून काढलं, मग बाहेर दिलं. एवढं मोठं हॉस्पिटल, सगळी तयारी, आणि अडकलं कुठे तर कचरा न्यायला कुणी नाही. म्हणून साथ यायच्या आधीच कंत्राटदाराला लेखी विचारून ठेवा की कुठला कचरा तुम्ही नेणार नाही. छोट्या दवाखान्याने तर नक्कीच, तुमच्याकडे स्वतःचं ऑटोक्लेव्ह नसणार.

जिथे नेणारं कुणीच नाही, अगदी आडबाजूला, तिथे खड्डा हा शेवटचा पर्याय. पाण्याच्या स्रोतापासून निदान ५० मीटर लांब, तळ भूजलाच्या पातळीच्या निदान दीड-दोन मीटर वर, कुंपण घातलेला, प्रत्येक वेळी मातीचा थर. लसीकरणाच्या कॅम्पमध्ये जे पुठ्ठ्याचे सेफ्टी बॉक्स येतात, पाच लिटरच्या एकात साधारण १०० सिरिंज मावतात, त्यामुळे कॅम्पला निघतानाच किती डबे लागणार ते मोजता येतं. डबे कमी पडले की सुया पिशवीत जातात, दर वेळी तेच होतं.

शेवटी ज्यांच्या हातात हे सगळं जातं त्यांचं. कोविडमध्ये डॉक्टर-नर्सना एन-९५ मिळाले आणि कचरा नेणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी कापडी मास्क, पातळ ग्लोव्हज. त्यांना पातळ तपासणीचे ग्लोव्हज चालत नाहीत, सुईला आणि काचेला ते नसल्यासारखेच. जाड रबरी हातमोजे, बंद बूट, लांब ॲप्रन हवा आणि पिशवी अंगाला न लावता वरून धरून न्यायची सवय हवी, ती शिकवावी लागते, आपोआप येत नाही. टोचलंच तर पिळून रक्त काढायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच तासात डॉक्टरकडे, कारण एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली. लोक ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत आणि वेळ निघून जाते. तेव्हा ज्याने सांगितलं त्याला एक शब्दही रागावू नका, त्याच्यासमोर तर नाहीच.

हेपटायटिस बी ची लस मात्र आधी घेता येते, तीन डोस, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. मिसेसना उद्या विचारायला सांगा की दवाखान्यातला कचरा नेणाऱ्या माणसाचे तिन्ही झालेत का. डॉक्टरांचे झालेले असतात, त्याला सहसा कुणी विचारलेलंच नसतं. झाले नसतील तर पहिला याच आठवड्यात द्या, आणि वडिलांच्या सुयांची बाटली त्याच्या हातात देताना तुम्ही स्वतः जा.